३१८ नंबरचे हात

कारखान्याचं उत्तर शनिवारी संध्याकाळी आलं आणि वकिलीणबाईंनी ते रविवारी दुपारपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडू दिलं नाही. वकिलीणबाई म्हणजे दादांची मुलगी. ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग करायची, एवढंच. पण वडिलांच्या हातांच्या भरपाईचा अर्ज तिने स्वतः लिहून भरपाई अधिकाऱ्याकडे दाखल केला, आणि तेव्हापासून तिला हे नाव पडलं. नाव काकाने, दादांच्या धाकट्या भावाने, ठेवलं होतं. घरातली सगळी नावं तोच ठेवायचा.

त्याच काकाला तिने सकाळी फोन केला. "जेवणं उरकली की या. काकूलाही आण. उद्या अकराला सुनावणी आहे, तुझं काम आहे."

दोघं तीनच्या सुमारास आली. खोलीत उकाडा मी म्हणत होता, तरी पंखा बंद होता. दादांच्या बोटांना वारा सोसत नसे. जरा गार झुळूक लागली की बोटं मुळापासून पांढरी पडत, बधिर होत, आणि मग रक्त परत यायला लागलं की दादा ओठ आवळून बसत. डॉक्टरच्या कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. घरात त्याला 'बोटं गेली' म्हणत. सकाळी शर्टाची बटणं त्यांची बायको, म्हणजे वहिनी, लावून द्यायच्या आणि त्या वेळी दोघंही दुसरीकडे बघायची. तर सगळे घामाघूम होऊन बसले होते आणि पंखा लावा म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"काका, उद्या तू यायचंस," मुलगी म्हणाली. "फार काही बोलायचं नाही. बाबा ग्राइंडरवर होते, मी डोळ्यांनी पाहिलंय, एवढं सांगायचं. तू सुपरवायझर आहेस. तुझ्या शब्दाला वजन आहे."

धाकट्याने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. एरवी हा माणूस आला की दहा मिनिटांत चार जणांची खोडी काढून मोकळा व्हायचा. आज आल्यापासून त्याने एकदाही कुणाला चिडवलं नव्हतं.

"त्यांनी काय लिहिलंय ते तर वाच आधी," त्याची बायको म्हणाली. तिला घरात धाकटी म्हणत. कागद कुणाचाही असो, तो मोठ्याने वाचला जावा असं तिला वाटायचं.

मुलीने वाचलं. सराव असल्यासारखा, कचेरीतला कोरडा आवाज लावून.

"'अर्जदार संपूर्ण सेवाकाळात तपासणी टेबलावर होता. हातोडीने ठोकून ओतीव भाग तपासणे आणि खडूने खूण करणे, हे त्याचे काम. हाताला हादरे देणारे कोणतेही यंत्र त्याने चालवल्याची नोंद नाही.' हे धडधडीत खोटं आहे, त्याला मी बघते. पुढचं ऐका. 'शिवाय ज्या ग्राइंडरबद्दल तक्रार आहे, त्यावर सलग आठ वर्षे काम केलेल्या कामगाराची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. त्याचे दोन्ही हात पूर्णपणे निरोगी आहेत. यावरून सदर यंत्रामुळे असा आजार होत नाही, हे स्पष्ट होते. हा कामगार सुनावणीस हजर राहून आपले हात दाखवेल. टोकन क्रमांक ३१८.'"

"अगंबाई, हा तर यांचा नंबर!" धाकटी म्हणाली. "डब्यावर आहे की यांच्या, तीनशे अठरा." ती कौतुकानेच बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच उमगलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावरच्या मेणकापडाच्या भोकात बोट घालून बसला होता.

मुलीने कागद खाली ठेवला. "काका?"

"मला बोलावून घेतलं होतं," धाकटा म्हणाला. "तीन आठवडे झाले. सही कर म्हणाले."

"आणि तू केलीस."

"माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत गं. वरच्या माणसाने कागद पुढे केला तर काय सांगू? रेकॉर्डला जे आहे तेच त्यात आहे. मी पदरचं काही घातलं नाही."

सांगितलं ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. कारखान्याच्या दवाखान्यात त्याला गार पाण्यात हात बुडवायला लावले होते. मग एक स्प्रिंगची मूठ दाबायला दिली. डॉक्टरने काटा बघितला आणि शेजारच्या साहेबाला म्हणाला, "आठ वर्षं ग्राइंडर धरलाय आणि पकड बघा याची!" साहेबाने पाठीवर थाप मारली. त्या थापेने धाकट्याची छाती क्षणभर फुगली होती. खरोखर फुगली होती. सही केली तीही त्याच भरात. घरी जाताना गाडीवर त्याला स्वतःची शिसारी आली, पण तोवर कागद फाइलला लागला होता. ही गोष्ट तो जन्मात कुणाला सांगणार नव्हता.

"बरोबर केलंस," दादा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काखेत घालून. तीच त्यांची आता बसायची पद्धत होती.

"बाबा, काय बरोबर केलं? हा उद्या तिथे हात दाखवणार. तुमच्या विरुद्ध!"

"त्याला संसार आहे. मुलगा नुकताच कॉलेजात गेलाय. तू अर्ज मागे घे. माझं काय, भागतंय."

"कुठे भागतंय?" वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "परवा पेला सुटला हातातून, तर तुकडे लाथेने पलंगाखाली सारलेत. मला कळू नये म्हणून. त्याला भागणं म्हणतात?"

"ताई, तुम्ही रागावू नका, पण यांचा काय दोष?" धाकटी सरसावून बसली. नवऱ्यावर बालंट आलेलं तिला खपायचं नाही. "यांनी आठ वर्षं ते धूड धरलंय. सगळा कारखाना जाणतो. एखाद्याची तब्येतच दणकट असते. हात चांगले राहिले हा काय गुन्हा झाला?"

तिच्या माहेरी हे स्थळ आलं, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं की मुलगा करतो काय. ग्राइंडर धरतो म्हटल्यावर वडील म्हणाले, मनगटात दम आहे, होकार कळवा. ती त्या मनगटावर सतरा वर्षं संसार करत होती. धाकटा स्वतःही खात्यात कुणी पोरगा कुरकुरला की बाह्या सरसावून म्हणायचा, "मी आठ वर्षं धरलाय. मला शिकवू नका." तिथे त्याला 'पोलादी' म्हणत.

मुलीने खुर्ची ओढली आणि काकाच्या बरोबर समोर बसली. तिचे कान लाल झाले होते.

"ठीक आहे. उद्या मी विचारणारच आहे, तर आजच विचारते. तुम्ही किती वर्षं ग्राइंडरवर होतात?"

"अगं, 'तुम्ही' काय?"

"किती वर्षं होतात?"

"आठ."

"पाळी संपते. ग्राइंडर बंद करता. मग हाताला काय होतं?"

"काय होणार? दुखतो. दमतो. हात धुवायचे आणि घरी यायचं."

"एवढंच? घरी आल्यावर काही नाही? जेवताना? झोपताना?"

"नाही, काही नाही," धाकटा म्हणाला. "सवय होते."

"बंद होत नाही," दादा म्हणाले.

ते कुणाशीच बोलत नव्हते, खिडकीशी बोलत होते. "यंत्र बंद होतं. हात नाही होत. घरी आलं तरी आत चालूच असतात. पाणी प्यायचं तर पेला दोन्ही हातांनी धरायचा, नाहीतर दातांवर वाजतो. किल्ली कुलुपात जात नाही. रात्री कुशीवर झोपलं तर हात गालाखाली घेता येत नाही, डोकं हलतं."

"मी म्हणायचे, पलंगाचा खिळा ढिला झालाय," वहिनी म्हणाल्या. "सुताराला दोनदा बोलावलं. तो म्हणे, बाई, पलंग ठणठणीत आहे, मला उगाच कशाला हेलपाटे घालायला लावता?"

हसायला येण्यासारखं होतं. कुणी हसलं नाही. मुलगी वडिलांकडून काकाकडे आणि काकाकडून आईकडे बघत राहिली. कचेरीत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या साक्षी टाइप करून तिला एक कळत होतं, की जो माणूस खरंच तिथे असतो त्याला नको त्या गोष्टी आठवतात.

"आई, यात काय आहे? मला सांग."

"नाही सांगायचं," दादा म्हणाले.

"मी सांगणार," वहिनी म्हणाल्या. "आता पुरे झालं. तीनशे अठराचा एप्रन माझ्या मोरीत धुतला जायचा. आठ वर्षं. हिच्या नाही, माझ्या. लोखंडाची बुकणी तीन पाण्यांत निघायची नाही. छातीवर नंबर भावोजींचा आणि आत घाम यांचा. कार्डं बदलली होती दोघांनी. सकाळी फाटकात हे त्याचं कार्ड पंच करायचे, तो यांचं. ग्राइंडरवर हे उभे राहायचे. टेबलावर हातोडी आणि खडू घेऊन भावोजी बसायचे."

"काहीतरीच!" धाकटी म्हणाली. "आणि कुणाला कळलं नाही?"

"कसं कळणार? अंगलट सारखीच. त्यावर टोप, गॉगल, तोंडाला फडकं. आत कोण आहे ते आईला ओळखू आलं नसतं. फोरमनला ठाऊक होतं, पण काम दुप्पट निघतंय म्हटल्यावर त्याने कानाडोळा केला. तो वारला. हे ठाऊक असलेले बाकीचे दोघं कंत्राटाचे, ते कुठे पांगले देव जाणे."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने टेबलावरचे रिकामे कप एकात एक घातले, मग परत वेगळे केले. "पण का?"

वहिनी पुन्हा चौकटीला टेकल्या. इथवर बोलायचा हक्क आपला, पुढचं ज्याचं त्याने बोलावं, असं त्यांना वाटलं असावं.

धाकट्याला ती दुपार जशीच्या तशी दिसत होती. कामावर लागून सहावा दिवस, अजून नुसतं बघून शिकणं चाललं होतं. शेजारच्या ग्राइंडरचं चाक फुटलं. आवाज झाला आणि त्यातला हाताएवढा तुकडा त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात घुसला. त्याला ओरखडाही आला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच यंत्राचा खटका दाबायला गेला तर हात पुढे जाईना. पँट ओली झाली. दादाने पाण्याची बादली मुद्दाम त्याच्या अंगावर लवंडली, सगळ्यांसमोर त्याला धांदरट म्हणून शिव्या घातल्या, आणि कोपऱ्यात नेऊन हात पुढे केला. तुझं कार्ड दे. चार दिवस मी धरतो, तोवर तुझी भीती जाईल. ती गेली नाही. चार दिवसांचे चार महिने झाले, आणि मग दोघांनीही त्याबद्दल बोलणं सोडून दिलं. पुढे सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा साहेबांनी ग्राइंडरवरचा अनुभव बघितला. कार्डावर अनुभव त्याचाच होता.

"मी सांगेन," तो एकदम म्हणाला. "उद्या सांगेन, कार्डं बदलली होती म्हणून. पण असं सांगू, की दादाची नजर अधू होती. टेबलावर बारीक चिरा दिसायच्या नाहीत, चुका व्हायच्या. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून मी त्याला माझी जागा दिली. चालेल ना दादा?"

"चालेल," दादा म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

वहिनींचा आता तोल गेला. "चालेल? अहो, चालेल काय? यांची नजर अधू? माझ्या सुईत दोरा हेच ओवून द्यायचे, बोटं जाईपर्यंत! हात घेतलेत तुम्ही भावोजी, आता डोळेही घ्या. म्हणजे तुम्ही उपकार करणारे आणि हे घेणारे!"

"वहिनी, तसं नाही—"

"तसंच आहे! इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. तुमच्या लग्नात तुमच्या मनगटाचं कौतुक चाललं होतं, तेव्हा मी मान डोलवत होते. धाकटा आहे, जाऊ दे म्हणत होते. मी तुम्हाला पोटच्या पोरासारखं..." पदराने त्यांनी तोंड पुसलं, ते घाम पुसल्यासारखं.

"आणि ते टिकणारही नाही," मुलगी हळू आवाजात म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि तिला त्याचंच रडू येत होतं. शाळेत पहिल्या दिवशी या काकाने तिला खांद्यावर नेलं होतं. "टेबलावरच्या माणसांचे डोळे दरवर्षी तपासतात. बाबांचे सगळे कागद फाइलला आहेत. पाच मिनिटांत खोटं उघडं पडेल. मग दोघांनाही लबाड म्हणतील. आणि काका, हे एकट्या बाबांचं नाहीये. अजून अकरा जणांचे अर्ज आहेत. त्या सगळ्यांना हेच उत्तर गेलंय, शब्दन् शब्द. सगळ्यांत तीनशे अठरा आहे."

"अकरा?"

"अकरा. तुझ्या खात्यातलेच. तुला पोलादी म्हणणारे."

धाकट्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. तेवढ्यात धाकटी बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"का बदललीत कार्डं? मी मघाशी विचारलं. तुम्ही नजरेचं सांगताय. खरं काय ते सांगा."

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाले.

"दादा, मी तुमच्यापुढे कधी बोलले नाही. पण नवरा माझा आहे, विचारणार मी." ती नवऱ्याकडे वळली. "घाबरला होतात?"

त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते कळेना.

"तोंडाने सांगा."

"हो," धाकटा म्हणाला. "घाबरलो होतो. चाक फुटलं, आणि मग मला ते जमलंच नाही. आजही जमत नाही. खात्यात ग्राइंडर सुरू झाला की मी केबिनचं दार लावून घेतो. आवाजाने बोलणं ऐकू येत नाही असं सांगतो. मी एक दिवससुद्धा धरला नाही तो. एक दिवससुद्धा नाही."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, तिचा पायरीगणिक आवाज येत राहिला. धाकटीला राग आला होता आणि तो नेमका कशाचा, ते तिला सांगता आलं नसतं. घाबरल्याचा नव्हता. सतरा वर्षं आपण गावभर ज्याच्या बढाया मारल्या तो दम या खुर्चीत काखेत हात घालून बसला होता, आणि आपण दर रविवारी त्याच्याच घरी चहा पिऊन जात होतो.

"मग घाबरलो असं लिहा," ती म्हणाली. "नजरेचं काय लिहिताय?"

"नोकरी जाईल. हजेरीतली फसवणूक आहे ती. तीन वर्षं राहिलीत."

"जाईल. मी कुठे म्हणतेय जाणार नाही? मला काय आनंद होतोय का? पण उद्या तुम्ही ते हात तिथल्या टेबलावर ठेवलेत ना, तर परवापासून त्या हातांत मी चहाचा कप देणार नाही. सांगून ठेवते."

"सूनबाई, असं टोकाचं बोलू नये," दादा म्हणाले.

"तुम्हीच लाडावून ठेवलंय यांना," धाकटी म्हणाली, आणि रडू लागली. वहिनी चौकट सोडून तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवला. दोघी जावांचं पटतं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मुलीने कोरा कागद काढला. पेन हातात घेऊन ती लिहायला बसली, तर काकाने पेन काढून घेतलं.

"मी लिहितो."

त्याचं अक्षर सुरेख होतं, गोल आणि एकसारखं. त्याने टोकन नंबर लिहिला, तारीख लिहिली. मग मोठ्याने म्हणत म्हणत लिहू लागला, म्हणजे मध्येच थांबता येऊ नये. "'मी आठ वर्षांत एकदाही ग्राइंडर चालवलेला नाही. माझ्या नावावरचे ते सर्व काम माझ्या मोठ्या भावाने केले. माझे हात चांगले आहेत, कारण मी त्या यंत्राला हात लावलेला नाही. माझ्या हातांवरून इतर कोणत्याही कामगाराबद्दल निष्कर्ष काढू नये. मागील जबाबावरची सही मी मागे घेत आहे.'"

"पुरे," दादा म्हणाले. "एवढ्याने भागतं. कारण लिहायची गरज नाही."

"ते विचारतील, बाबा."

"विचारू देत. आख्ख्या कारखान्यात बोभाटा होईल. पोरं हसतील याला."

"हसू देत," धाकटा म्हणाला, आणि पुढचं वाक्य लिहिलं. "'मला भीती वाटत होती.'" पूर्णविराम दिला. खाली सही केली. पेन ठेवलं. मग आपले ते निरोगी हात त्याने कागदाशेजारी उघडे ठेवले.

दादा उठून टेबलाशी आले. त्यांनी कागद उचलला नाही, उचलला असता तर निसटला असता. वाकून नुसता वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"दादा," धाकट्याने विचारलं. "चाक फुटलं तेव्हा तूही तिथेच होतास. तुझ्या तर अजून जवळ. तुला नाही वाटली भीती?"

"वाटायची की."

"त्या दिवशी?"

"रोज," दादा म्हणाले. "आठ वर्षं, रोज सकाळी. पण थोरला मीच होतो. कार्ड कुणाला देणार?"